ह्यांच्यासाठी शोधलेलं छोटं गोल्फचं मैदान

आधी देवाला नमस्कार, मग तुम्हा वाचणाऱ्यांना. जवळजवळ वर्षभर इथे काही लिहिलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना कारण विचारावं लागणार नाही. बाकीच्यांना सांगते, आमचे हे गेल्या थंडीत गेले. वर्ष होईपर्यंत सण नाही, यात्रा नाही, मग लिहायचं तरी काय? आतापर्यंत तुम्ही माझ्याकडून गाणगापूर वाचलंत, नरसोबाची वाडी वाचलीत, कुठल्या भक्तनिवासात पहाटे गरम पाणी येतं आणि कुठे नुसता नळ खोकतो ते वाचलंत. यावेळचं वाचून काही जणी हसतील. हसा. लालबागच्या चाळीतली मॅट्रिक झालेली बाई गोल्फ खेळायला गेली म्हटल्यावर हसू येणारच. पण गुडघे दुखणाऱ्या नवशिक्या माणसाने मुंबईत गोल्फसाठी छोटं मैदान कसं शोधायचं, हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तेव्हा तेही सांगते, आणि का गेले तेही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर होतो. पिंड ठेवला आणि मागे झालो. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या भिंतीवर रांगेने बसले होते. एकही खाली उतरेना. कावळा शिवला की माणूस मोकळा झाला, कुठे काही अडकून राहिलं नाही, असं आपण मानतो. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. मोठ्याने बोला."

दिरांनी हात जोडले. "दादा, गावच्या घराला हात लावणार नाही." कावळे बसून.

माझी एकुलती मुलगी प्राजक्ता पुढे झाली. "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही. "बाबा, मी लग्न करीन." हे बोलताना तिचा आवाज फुटला. तरी नाही.

मी म्हटलं, "माझी काळजी करू नका हो." एका कावळ्याने मान वाकडी केली, बस.

मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विधी पुरा केला. शास्त्रात तशी सोय आहे. सगळे म्हणाले, झालं. माझ्या मनातून काही झालं नाही. इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाला काय हवं होतं हे मला सांगता येईना, हे दुःख वेगळंच होतं. ते रडून जात नव्हतं.

मग वर्ष भरत आलं तेव्हा एक दिवस कपाट सरकवून झाडत होते, तर मागे काठी दिसली.

काठीची गोष्ट सांगायला हवी. हे एका मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर. साहेब मनाने चांगले, दिवाळीला हात आखडला नाही कधी. पण साहेबांना गोल्फचं वेड, आणि तेही रविवारी. म्हणजे आमच्या ह्यांची सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी माझा उपास. रविवारी उजाडायच्या आत हे गाडी काढायचे, साहेबांना क्लबात सोडायचे आणि खेळ, मग साहेबांचं तिथलंच जेवण होईपर्यंत बाहेर बसायचे. घरी यायला चार वाजत. मी थांबायची. रविवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं ठरलेलं: तिरफळं, लाल मिरची, कोकम, अंगाबरोबर रस. दुपारच्या आत उतरवलेलं असे. ह्यांचं ताट वाढून त्यावर परात झाकून ठेवायची. आल्यावर म्हणायचे, "असांदे, गरम करू नको. मुरलेला बरा लागता." दोघं गारच जेवायचो. म्हणून मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगत आले की तिखलं उतरवल्या उतरवल्या वाढू नका, मुरू द्या. हे गेल्यावरही दर रविवारी चारच्या सुमाराला मुरलेल्या तिखल्याचा आणि भाताचा घास गॅलरीच्या कठड्यावर ठेवत होते. त्या वेळेला कावळे फारसे फिरकत नाहीत, कबुतरंच येऊन उधळून जात.

तर काठी. साहेब परदेशी मुलाकडे कायमचे गेले तेव्हा त्यांनी ह्यांना आपल्या संचातली एक लोखंडी काठी आठवण म्हणून दिली. हे ती जपायचे. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो ना, तशी हे ती काठी पाटावर गाडीच्या किल्लीशेजारी ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. पुढे काही वर्षं दुसऱ्या साहेबांची गाडी चालवली, तिथेही रविवारची सुट्टी नव्हतीच. मग निवृत्त झाले आणि महिनाही झाला नसेल, किडनीचं दुखणं निघालं. मीठ बंद, मासे बंद, नारळ बंद. घरात बसायला रविवार मिळाले, ते पेज पिण्यात गेले.

मी काठी हातात घेऊन जमिनीवर बसले आणि मला लख्ख वाटलं, हेच ते. एवढी वर्षं दाराबाहेर बसलेला माणूस, त्याला एकदा तरी आत जाऊन तो चेंडू मारायचा असणार. आणि आम्ही त्याला गावचं घर सांगत होतो, लग्न सांगत होतो.

प्राजक्ताला म्हटलं, "वर्षश्राद्धाच्या आत मी गोल्फ खेळणार."

"आई, तू जेवलीस का आज?"

"जेवले. चेष्टा करू नकोस. तुझ्या बाबांच्या नावाने खेळणार, त्यांना वाहणार. तू मैदान बघून दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाद न घालता फोन काढला. पोरगी बापावर गेली आहे.

आता माहिती. गोल्फचं पूर्ण मैदान म्हणजे अठरा होल, म्हणजे अठरा वेळा लांबून मारत मारत खड्ड्यात चेंडू घालायचा. चार तासांच्या वर वेळ जातो आणि काही किलोमीटर चालणं होतं. नवशिक्याने तिथे जाऊ नये. मागून येणारे खोळंबतात, आपला जीव जातो. नऊ होलांची मैदानं असतात, आणि त्याहून लहान, सहासात होलांची, जिथे प्रत्येक होल एवढा जवळ असतो की एका बऱ्या टोल्यात चेंडू जवळपास पोचतो. आपल्यासारख्यांनी हेच शोधायचं. मुंबईत अडचण अशी की बहुतेक ठिकाणी सभासदच लागतो.

प्राजक्ताने आधी लोअर परळला नेलं. म्हणाली उन्हातान्हात नको, एसीत खेळता येतं. लिफ्टने वर गेलो तर एक काळोखी खोली, समोर भिंतभर पडदा. पडद्यावर गवत, झाडं, तळं. आपण सतरंजीएवढ्या हिरव्या तुकड्यावर उभं राहून चेंडू पडद्यावर मारायचा, मग पडद्यातला चेंडू पुढे जातो. तासाचे पंधराशे. मी त्या मुलीला विचारलं, "आणि गवत?"

"मॅम, हे स्कॉटलंडचं गवत आहे."

"ते पडद्यात झालं. पाय कुठे ठेवायचा?"

तिला कळेना. खाली उतरल्यावर मी प्राजक्ताला म्हटलं, ही जागा गिरणीची. तुझे आजोबा इथे साच्यावर उभे राहायचे, बहुतेक त्या पार्किंगच्या खांबापाशी. ती म्हणाली, दर वेळी या भागात आलो की सांगतेस. सांगते खरी. ज्यांना ऊन सोसत नाही आणि खिसा सोसतो त्यांनी जरूर जावं, सगळं स्वच्छ आहे, माणसं नम्र आहेत. माझ्या कामाचं नव्हतं. पडद्यातलं गवत ह्यांना कसं वाहू?

पुढच्या आठवड्यात एकटीच साहेबांच्या क्लबात गेले. नाव लिहीत नाही. पूर्वेच्या उपनगरात आहे, लालबागहून दोन बस बदलून. काठीला जुन्या साडीचा धडपा गुंडाळला होता. कंडक्टर म्हणाला, "काकू, काय ओ हे? हॉकी?"

"गोल्फ."

"लालबागवरनं गोल्फ?" तो मागे वळून सगळ्या बसला ऐकू जाईल असा म्हणाला, "ए, काकूंना जागा द्या रे, टायगर आहेत!" मला बसायला जागा मिळाली. काठीचा पहिला उपयोग तो.

क्लबाच्या काउंटरवरच्या बाईंनी अगदी आदराने सांगितलं की सभासदाबरोबर यावं लागेल, आणि नवीन असाल तर आधी शिकून. खरं तेच सांगितलं. मी ओळखीचे साहेब म्हणून नाव घेतलं तर ते यादीतून कधीच गेलेले. बाहेर आले आणि पाय आपोआप गाड्यांच्या बाजूला वळले. चिंचेच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक. त्यावर ड्रायव्हर लोक बसलेले, एक जण चपला उशाला घेऊन आडवा. म्हणजे इथे. सगळे रविवार इथे. आमच्या चाळीच्या जिन्याखालची जागासुद्धा याहून मोठी आहे. मी त्या बाकाच्या टोकाला टेकले. बाक तापलेला होता.

एक बऱ्या वयाचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, कुणाकडे आलात?"

"सावंत म्हणून होते. ड्रायव्हर. मी त्यांची मिसेस."

तो उठून उभा राहिला. आडवा झालेलाही उठून बसला. "सावंतमामा? लालबागचे? मामा गेले ते कळलं आम्हाला." मग थोडं थांबून, "तुम्ही अंतोनमामांना भेटला का? दोघांची जोडी होती इथे. माझगावला असतात. त्यांच्या वाडीपाठी एक छोटं मैदान आहे, गोल्फचंच, रविवारी ते तिथे काम बघतात."

देव रस्ता दाखवतो तो असा. मी दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायले.

तर आता मैदान. माझगावला गोदीच्या भिंतीला लागून एका जुन्या जिमखान्याची पट्टी आहे, तिथे सहा होल. लालबागहून बसचं दहा रुपये तिकीट, उतरून चर्चवरून आत चालत. सहा होलांचे तीनशे रुपये, काठ्या त्यांच्या घेतल्या तर शंभर वेगळे. नवशिक्यांना रविवारी सकाळी सोडतात, चर्चची प्रार्थना सुटल्यावर. आदल्या दिवशी फोन करावा. पायात सपाट तळाचे बूट हवेत; मी प्राजक्ताचे घातले, पुढे कापूस कोंबून. साडी चालते असं ते म्हणतात, तरी पंजाबी ड्रेस घालून जा. मी साडीत गेले आणि निऱ्या सांभाळण्यात अर्धं लक्ष गेलं. पाणी स्वतःचं न्या. सावली फक्त एका बदामाच्या झाडाची.

पोचले तेव्हा एका टेबलाशी फुलाफुलांच्या झग्यातल्या एक बाई पावती पुस्तक घेऊन बसल्या होत्या. अंतोनभाऊंच्या मिसेस, ब्रिजेट. माझ्याकडे, काठीकडे, गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं. "शिकायला नातवंडं आली काय?"

"मीच."

"तू?" एकदम अरेतुरेवर आल्या, पण आवाजात लोणी. "अगो, शाबास! माझा हा म्हातारा इथे कामाला लागल्यापासून मला सांगतो चल खेळायला, मी नाय गेली. अंतोन! ए अंतोन! सावंताची बायको आली, बघ."

अंतोनभाऊ आले. उंच, वाकलेले, रविवारचा इस्त्रीचा सदरा. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरून उभे राहिले. ब्रिजेट म्हणाल्या, "बोल ना काहीतरी, मुका झाला काय?"

"वहिनी," एवढंच म्हणाले, "बसा."

"बसायला नाही आले. खेळायला आले."

मी सहा होल खेळणार आहे आणि ह्यांच्या नावाने खेळणार आहे, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी काठी कशी धरायची ते दाखवलं: घट्ट नको, ओल्या कपड्याचा पिळा धरतो तशी. पाय रोवून, डोळे चेंडूवर. मी विचारलं, "चेंडू चामड्याचा नाही ना?" नाही, प्लॅस्टिक-रबरासारखं काहीतरी असतं. मग मी तो हातात घेऊन डोळ्यांना लावला, गणपतीचा अंगारा आणला होता तो बोटाने टेकवला, आणि मनात ह्यांचं नाव घेतलं. तोंडाने कधी घेतलं नाही, त्या दिवशीही नाही घेतलं.

पहिला टोला हवेतच गेला. दुसरा मातीत. तिसऱ्याने चेंडू उडाला तो थेट बदामाच्या झाडात. ब्रिजेट तिकडून ओरडल्या, "बदाम पाड ग चार!" मला हसू आलं. वर्षभरात पहिलं. मग लगेच लाज वाटली.

गवत ओलसर होतं आणि जागोजाग पिवळं. भिंतीपलीकडे गोदीच्या क्रेनी, अधूनमधून लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज. वरून घारी. पहिला होल झाला, किती टोल्यांत ते विचारू नका. दुसऱ्यात चेंडू जवळ गेल्यावर हलकेच सारायचा असतो, ते मला जमलं. पोळीवर तूप सोडायला लागतो तेवढाच हात. चेंडू खड्ड्यात पडला की टक् असा आवाज येतो. दर टक्‌ला मी वर बघत होते. काय बघत होते ते तुम्हाला कळलंच असेल.

तिसऱ्या होलानंतर गुडघा बोलायला लागला. बदामाखाली बसलो. अंतोनभाऊंनी बाटली पुढे केली, मी माझी काढली. म्हणाले, "वहिनी, एक विचारू? हे डोक्यात कुठून आलं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. बाणगंगा, भिंतीवरचे कावळे, दिरांचं बोलणं, पोरीचं बोलणं, दर्भाचा कावळा. म्हटलं, "इतकी वर्षं गेटाबाहेर बसले. एकदा आत यावंसं वाटलं असणारच ना. ते राहिलं म्हणून कावळा शिवला नाही. तुम्ही त्यांचे मित्र, तुम्हाला बोलले असतील."

अंतोनभाऊ खाली बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"वहिनी, माफ करा. सावंताला गोल्फ? सावंत शिव्या घालायचा गोल्फला! मालवणीत घालायचा, म्हणून साहेब लोकांना कळायचं नाय."

"मग काठी? देवासारखी पुजायचे."

"ती साहेबांनी दिली ना. साहेबाचं दिलेलं फेकायचं कसं? मला पण दिली एक. मी तिने पेरू पाडतो." मग हसणं थांबलं. "आणि पुजणार नाय तर काय करणार, वहिनी? आमचे सगळे रविवार तिनेच खाल्ले. रोटी पण तिनेच दिली."

मी विचारलं, "मग त्यांना हवं काय होतं?"

"तुम्हाला नाय बोलला कधी?"

"नाही."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "उन्हं वर आली ना, की सावंतचं चालू. बाकावर पण बसायचा नाय. गेटपर्यंत जायचा, परत यायचा. 'अंतोन, आता घराकडे तिखला उतारला असतला. अंतोन, आता ती भात वेळीत असतली. ह्येंका नऊ होलात भागणा नाय काय? अर्ध्यात संपवल्यानी तर गरम जेवूक पोचलंय असतंय.' दर रविवारी! मी बोलायचो, अरे, बायको गरम करून देईल ना. तर बोलायचा, 'ती माझ्यासाठी थांबता, उपाशी. आणि परत चूल पेटवूक लावू? तिका सांगतंय मुरलेला बरा लागता म्हणान.'"

ब्रिजेट टेबलापासून बघत होत्या.

"एकदा साहेबांना बोलला पण," अंतोनभाऊ म्हणाले. "'साहेब, लहान मैदान पण असतात, सहा होलची. लवकर होतं.' साहेब हसले. बोलले, सावंत, ते शिकणाऱ्यांसाठी."

मी हातातल्या बाटलीचं झाकण लावलं. म्हणजे चार वाजता, गार, झाकलेलं. आणि तेच मी वर्षभर त्या कठड्यावर ठेवत होते, मोठ्या श्रद्धेने, मुरवून. त्यांना आवडतं म्हणून.

मी उठले. अंतोनभाऊ म्हणाले, "अजून तीन होल आहेत, वहिनी. पैसे भरलेत तुम्ही."

"राहू द्या. जेवायची वेळ होईल."

पैसे भरलेली गोष्ट मी आयुष्यात अर्धवट सोडलेली नाही. भक्तनिवासात खोली दुपारपर्यंत आपली असेल तर दुपारपर्यंत बसणारी मी. पण त्या दिवशी तीन होल सोडले आणि टॅक्सीला हात केला. ब्रिजेट टॅक्सीपर्यंत आल्या, खिडकीतून माझ्या गालाला हात लावला. "रड घरी जाऊन. आधी जेवण कर."

लालबागच्या बाजारात माझी नेहमीची कोळीण पाट्या आवरत होती. "आज काय गो उशीर? बांगडे चारच उरलेत." चारही घेतले. घासाघीस केली नाही, तर तिनेच विचारलं, बरं आहे ना.

प्राजक्ता घरी होती. तिला म्हटलं, नारळ खवून ठेव आणि काही विचारू नकोस. तिरफळं ठेचली, मिरची वाटली, कोकम टाकलं. भात वेळला. बाहेर चाळीत रविवारची दुपार होती, कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाकडे टीव्ही. कढई उतरवली आणि लगेच वाढलं. ह्यांच्या पितळी ताटात. परात हाताशी होती, सवयीने हात तिकडे गेला. मी परात उलटी करून ओट्याखाली सरकवली.

वाफा निघत होत्या तशाच ताटातला घास केळीच्या पानावर घेतला आणि कठड्यावर ठेवला. काही बोलले नाही. बाणगंगेवर सगळं बोलून झालं होतं.

कावळा आला. आमच्या गॅलरीत दुपारच्या वेळी कावळे रोजच येतात, मासळीच्या वासाला येणारच, त्यामुळे मी त्याचा अर्थ लावत नाही. वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे, भटजी करतील ते करतील. जे झालं ते सांगते. कावळ्याने चोच घातली, बांगड्याचा तुकडा उचलला आणि टाकला. चोच कठड्याला पुसली. परत उचलला, परत टाकला.

प्राजक्ता म्हणाली, "आई, भाजतंय त्याला."

मी म्हटलं, "भाजू दे. गार फार खाल्लंय."

मग ती रडली, बाणगंगेवर रडली नव्हती तेवढी. कावळ्याने तिसऱ्यांदा तुकडा धरला आणि समोरच्या पत्र्यावर नेला. आम्ही दोघी आत येऊन जेवायला बसलो. माझी जीभ पोळली. तिखलं उतरवल्याबरोबर किती वेगळं लागतं हे मी विसरूनच गेले होते. मलाही गरमच आवडतं. मीही ते कधी बोलले नव्हते.

काठी कपाटामागे परत ठेवली आहे, खंडेनवमीला काढीन. मैदानाचं म्हणाल तर नवशिक्यांनी माझगावला जरूर जावं, गवत बरं आहे, माणसं चांगली आहेत, तीनशे रुपये वसूल होतात, सहाही होल खेळलात तर. माझे तीन तिथे शिल्लक आहेत. अंतोनभाऊंनी निरोप पाठवलाय की कधीही या. गेले तर सकाळीच जाईन.

आणि मोठ्या क्लबात खेळणारं कुणी चुकून हे वाचत असेल तर एवढंच. मैदान छोटं निवडा, किंवा मोठ्यावर अर्धंच खेळा, तेवढ्यानेही व्यायाम होतो. बाहेर गाडीत तुमची वाट बघत कुणी बसलेलं असेल, तर आत जायच्या आधी त्याला विचारा, आज घरी जेवायला काय केलंय.